परीक्षेचा पेशंट

कर्करोगातून उठलेला माणूस लिहायला बसला की लोकांना त्याच्याकडून धीराचे चार शब्द हवे असतात. माझ्याकडे ते आहेत, जमेल तिथे देईन. पण मी हे लिहितोय ते एका मुलीमुळे. माझ्या आजारपणात तिचं अर्धं वर्ष फुकट गेलं, ते माझ्यामुळे गेलं, आणि हे मी पुढे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

घरगुती निदान

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी नाशिकला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. इंजिनिअरांनी काढलेले कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं गिरवायचे, हे माझं काम. दिवसभर उंच स्टुलावर बसणं. त्यामुळे शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा निदान मीच करून टाकलं: मूळव्याध. कचेरीत निम्म्या लोकांना ती होती, आणि प्रत्येकाकडे तिच्यावर एक हमखास उपाय होता.

आठ महिने मी सुरण खाल्लं, ताक प्यायलो, पंचवटीत आमच्या गल्लीतल्या वैद्यांच्या पुड्या घेतल्या. वजन उतरत गेलं. माझी बायको कमल म्हणायची, "अहो, लेंगा कमरेवर ठरत नाही तुमचा." मी म्हणायचो, "बरंय की, पोट सुटलं होतं ते गेलं." बेचाळीस वर्षांचा माणूस इतका मूर्ख असू शकतो यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला रक्त पडत असेल तर त्याने एवढंच करावं, वैद्याकडे, शेजाऱ्याकडे आणि माझ्यासारख्याकडे न जाता थेट डॉक्टरकडे जावं. लाज वाटते, मान्य आहे. मलाही वाटली होती.

शेवटी एक दिवस कचेरीतच चक्कर येऊन पडलो आणि गावातल्या एका मोठ्या इस्पितळात भरती झालो. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं. आतला एक तुकडा काढून मुंबईला तपासणीला पाठवला आणि म्हणाले, "तुमच्या घरचं मोठं माणूस कोण?"

घरचं मोठं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. सिन्नरला शाळामास्तर. रिपोर्ट आला तो त्याच्या हातात. तो माझ्या खाटेवर येऊन बसला आणि औषधाच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "भास्करा, मूळव्याध चिघळलीय. कापून काढावी लागेल. घाबरायचं काम नाही."

मी म्हणालो, "घाबरतंय कोण?"

वॉर्ड

इस्पितळाला जोडून नर्सिंगची शाळा होती. निळ्या चौकड्यांच्या झग्यातल्या मुली सकाळी सहालाच वॉर्डात शिरायच्या, तापमान घ्यायच्या, चादरी ओढूनताणून बसवायच्या. सुरकुती राहिली की त्यांच्या ट्यूटरबाई ओरडायच्या. पेशंट ओरडला तर चालायचं, पण चादरीला सुरकुती चालत नसे.

या वॉर्डात दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या. पहिली अशी की प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी केसपेपर लटकलेला असे, माझ्या खाटेला नव्हता. माझा सिस्टरांच्या टेबलाच्या खणात असे. मी विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "तुमचा पेपर जरा मोठा आहे ना काका, म्हणून." दुसरी गोष्ट, माझ्याशी कुणी भांडेना. कमल आणि मी लग्न झाल्यापासून रोज भांडत आलो, त्यावरच आमचा संसार चालला होता. आता मी डबा परत पाठवला तरी ती गप्प. मी तिच्या माहेरच्यांना नावं ठेवली, तरी गप्प. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असावं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही ती उघडली नाही.

मग मुंबईहून येणारे सर्जन आले. महिन्यातून दोनदा ते इथे ऑपरेशनं करायचे. त्यांनी मला उभं केलं, मग बसवलं, मग परत झोपवलं, आणि खिशातलं पेन काढून माझ्या पोटावर बेंबीच्या डाव्या बाजूला खाली एक फुली काढली. मी विचारलं, "डॉक्टर, दुखणं मागे आणि खूण पुढे?" ते म्हणाले, "भुलीसाठी असते ती. ऑपरेशनच्या दिवशी कळेल." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

माझा जन्म खुणा गिरवण्यात गेला. नकाशावर फुली काढली की तिथे काहीतरी फोडायचं किंवा बांधायचं असतं, हे मला समजत होतं. त्या संध्याकाळी मी शर्ट खाली ओढून घेतला आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

परीक्षा

दुसऱ्या दिवशी मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आदल्या दिवशीच सगळे केसपेपर उचलून नेले होते. मुलींनी चिठ्ठ्या उचलायच्या, ज्या खाटेची चिठ्ठी निघेल तो पेशंट. त्याला प्रश्न विचारून त्याचा आजार काय ते लिहायचं, त्याला स्पंज करायचं, पाठ चोळायची आणि त्याची काळजी कशी घ्यावी ते परीक्षकबाईंना सांगायचं.

अशा दिवशी वॉर्डातली एक जुनी रीत होती. पेशंट मुलींना फितूर व्हायचे. माझ्या शेजारी विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी होते, त्यांनी त्यांच्याकडे आलेल्या मुलीला बसूही दिलं नाही. "लिही पोरी, हर्निया. उजवा हाय. दोन वर्षं झाले. खोकलो का फुगतो. आनखी काय पायजे?" सगळा वॉर्ड हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आमच्याकडून काही मागत होतं, आम्ही कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो, याचंच आम्हाला अप्रूप होतं.

माझ्या वाट्याला सुमन आली. आमच्या वॉर्डात ती कधी कामाला नव्हती, तिचे महिने मुलांच्या वॉर्डात गेले होते. सिन्नरकडच्या एका खेड्यातली, आई विड्या वळायची, वडील कारखान्यात हमाल. घरात शिकलेली ती पहिली. हे सगळं मी तिला विचारलं, वास्तविक प्रश्न तिने विचारायचे होते.

"काका, तुम्हाला काय झालंय?" तिने वही उघडली.

"मूळव्याध. चिघळलेली. आठ महिने रक्त पडतंय. परवा ऑपरेशन." मी अगदी तयारीने सांगितलं.

तिने लिहून घेतलं. मग पडदे ओढून स्पंज करायला घेतलं. छाती झाली, हात झाले, पोटाशी आली आणि थांबली. "ही खूण कसली हो?"

आता इथे जे झालं ते नीट सांगतो. मी म्हणू शकलो असतो की सर्जननी काढलीय, हात लावू नकोस. मी म्हणालो, "शाईचा डाग असेल. मी ट्रेसर आहे, माझ्या अंगावर कायम शाई असते. पूस, पूस. अंग स्वच्छ दिसलं तर मार्क मिळतील तुला."

ती म्हणाली, "नक्की ना?"

मी म्हणालो, "नक्की."

तिने ओल्या फडक्याने पुसलं. थोडं राहिलं ते पाठीला लावायच्या स्पिरिटने पुसलं. मला गार वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

परीक्षकबाई बाहेरगावच्या होत्या, उंच आणि घाईतल्या. "निदान?"

"मूळव्याध, मॅडम."

"कशावरून?"

"पेशंटनं सांगितलं."

बाईंनी स्वतः माझा शर्ट वर केला. त्यांच्या हातात माझा केसपेपर होता. "इथे सर्जनची खूण होती. कुठे गेली?"

"पुसली, मॅडम."

"पुसली! कुणी सांगितलं होतं पुसायला?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

"माझ्या मनानं पुसली," ती म्हणाली.

तेव्हा बाईंचा आवाज चढला. "कॅन्सरच्या पेशंटची ऑपरेशनची खूण पुसतेस आणि मूळव्याध लिहितेस? अशा मुलींच्या हातात आपण माणसं देणार!" ट्यूटरबाई मागून "मॅडम, मॅडम" करत होत्या, पण शब्द जायचा तो गेला होता. विंचूरच्या व्यापाऱ्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो शब्द ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहिलं तर शोभेल, पण खोटं होईल. मला पहिल्यांदा वाटलं ते असं: आता ही मुलगी माझं नाव घेईल. माझ्या पोटात कॅन्सर होता आणि मी घाबरलो होतो ते एका परीक्षकबाईला. शिवाय मीच पुसायला सांगितलं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, का सांगितलंत? त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

सुमन नापास झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातला चोर मी.

संध्याकाळ

कमल डबा घेऊन आली, बरोबर अण्णा.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिने डबा खाली ठेवला. "हो."

"कधीपासून?"

"रिपोर्ट आला तेव्हापासून."

"मग काल सुरणाची भाजी कशाला आणलीस? नाटक पुरं व्हावं म्हणून?" मी थांबलो नाही. "की विधवा व्हायची सवय करत होतीस?"

हे वाक्य मी बोललो. नंतर शंभरदा माफी मागितली, पण बोललेलं परत घेता येत नाही. कमल उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. अण्णा म्हणाला, "तिला बोलू नकोस. मी तिला देवाची शपथ घातली होती. तू हाय खाशील म्हणून. बाबांनी कशी खाल्ली होती ते मी पाहिलंय, तू लहान होतास."

आमचे वडील कशाने गेले ते मला तोवर माहीत नव्हतं. मी पोटाचं दुखणं समजत होतो. आमच्या घरात ही रीतच होती म्हणायची.

अण्णाने ऑपरेशनच्या कागदावर माझ्या वतीने सही केली होती. नेमकं काय कापणार, काय ठेवणार, हे त्यालाही कुणी समजावलं नव्हतं. "मोठं ऑपरेशन आहे म्हणाले. मोठ्या माणसांना आपण काय विचारणार?" शाळेत पोरांना उभं करून प्रश्न विचारणारा माझा भाऊ.

नळावर

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड पेंगत होता तेव्हा मी अंगावर शाल घेतली आणि मागच्या जिन्याने उतरलो. कुठे जात होतो ते लिहायला हात धजत नाही. गोदावरीला तेव्हा पाणी बरंच होतं, एवढंच लिहितो.

मागच्या अंगणात मुलींच्या वसतिगृहाचा नळ होता. तिथे सुमन एकटी धुणं धूत बसली होती. डोळे सुजलेले. मला बघून उठली.

"माझं तर गेलंच," ती म्हणाली. "तुम्ही कुठं निघाले?"

मी धुण्याच्या दगडावर टेकलो. तिने हात पुसले आणि विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं का, उद्या काय करणार?"

"नाही."

"मी काल पुस्तकात वाचलं. नापास झाल्यावर वाचलं." ती कडवट हसली. "सांगू का?"

"सांग."

तिने सांगितलं. आतडं खालून कापून काढणार, मागचा रस्ता कायमचा शिवून टाकणार आणि आतड्याचं वरचं तोंड पोटावर आणून उघडं ठेवणार. शौच तिथून होणार, जन्मभर. ती चाचरत होती, मध्येच इंग्रजी शब्द यायचे, मग स्वतःच म्हणायची, "नाय, थांबा, असं नाय." मी खिशातली पेन्सिल काढली आणि कोरड्या दगडावर ठेवलेल्या तिच्या वहीच्या पाठीमागे ती सांगेल तसं काढत गेलो. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा मला ते दिसलं.

"म्हणजे सांडवा," मी म्हणालो. "खालचा कालवा बंद केला तर पाणी कुठून तरी काढून द्यावं लागतं."

"तसंच," ती म्हणाली.

मी चित्राच्या रेघा पुन्हा एकदा गिरवल्या. किळस आली. रडूही आलं, तिच्यासमोरच. पण खरं सांगतो, आदल्या दिवसापासून छातीवर जे बसलं होतं ते थोडं हललं. ज्याचा नकाशा काढता येतो त्याची भीती मला नेहमीच कमी वाटत आली आहे. ज्यांच्या पुढ्यात हेच ऑपरेशन आहे त्यांनी कुणाला तरी चित्र काढून दाखवायला सांगावं.

ती साबणाची बादली उचलून जायला निघाली, मग थांबली. "काका, एक हाय. ती खूण होती ना, ती बरोबर तुमच्या लेंग्याच्या नाडीखाली येत होती. पुसताना पाहिलं मी. वळ हाय तिथं नाडीचा. तिथंच तोंड काढलं तर रोज काचेल, पिशवी बसायची नाय. डॉक्टरांना सांगा."

मी हो म्हणालो. तिला त्या क्षणी म्हणायला हवं होतं की चूक माझी होती, चल, ट्यूटरबाईंकडे जाऊ. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी तिला म्हणालो, "पुढच्या वेळी होशील पास." आणि जिना चढून वर गेलो.

नाडी

संध्याकाळी सर्जन नवी खूण काढायला आले. झाल्या प्रकाराने वैतागलेले होते. मी म्हणालो, "सही मी करणार. पोट माझं आहे."

"तुमच्या भावाने केली आहे."

"त्याचा लेंगा वेगळा आहे."

ते चमकले. मी उभा राहिलो, नाडी घट्ट बांधून दाखवली आणि म्हणालो, "फुली इथे होती. इथे नाडी येते. दोन बोटं वर घ्या." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

इथेही संधी होती. मी म्हणालो, "मीच विचार केला." ज्या मुलीला चुकीसाठी मी पुढे केलं होतं, तिच्या शहाणपणाचं श्रेयही मी खाल्लं. माणूस मरणाच्या दारात उभा राहिला की चांगला होतो असं म्हणतात. माझा तसा अनुभव नाही.

त्यांनी खूण दोन बोटं वर काढली. आज माझी पिशवी जिथे नीट बसते, ती त्या दोन बोटांमुळे.

नंतरचे महिने

शुद्धीवर आलो तेव्हा सगळ्यात आधी वास आला. आपल्याच अंगाचा वास, आणि तो पोटाकडून येतोय. नळ्या, पट्ट्या, तहान. दुखण्याबद्दल काय सांगू? चौथ्या दिवशी मी देवाला म्हणालो, असं ठेवण्यापेक्षा ने. त्याने ऐकलं नाही.

त्या काळी नाशकात या तोंडाची निगा राखायला शिकलेलं कुणी नव्हतं. मुंबईहून एक रबरी पिशवी आली होती, ती गळायची. कापूस आणि गॉजचे बोळे लावून वर पट्टा बांधायचे, तासाभरात सगळं भिजायचं. भोवतीची कातडी सोलून निघाली. शिकाऊ मुली नाकाला पदर लावता येत नाही म्हणून श्वास धरून यायच्या, मला त्यांचे फुगलेले गाल दिसायचे. वॉर्डबॉय माझ्या खाटेजवळून जाताना पाय उचलायचा. विंचूरच्या व्यापाऱ्यांनी खाट बदलून मागितली. माणूस वाईट नव्हता. जाताना माझ्या उशाशी मोसंबी ठेवून गेला.

कमल वीस दिवस तिकडे बघू शकली नाही. डबा द्यायची, माझ्या पायांकडे बघत बोलायची. विसाव्या दिवशी तिने मुली येण्याआधीच पट्टी सोडली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तोंड आल्यावर ओठ दिसतो तसं दिसतंय." आणि दुसऱ्या दिवशी जुन्या नऊवारीच्या काठाचा, रुंद, दुहेरी शिवलेला पट्टा घेऊन आली. तो रबरी पट्ट्यापेक्षा शंभर पटीने बरा होता. त्याच दिवशी आम्ही ऑपरेशननंतरचं पहिलं भांडण केलं.

आणि रोज ड्रेसिंगला यायची ती सुमन. नापास मुलींना सहा महिने पुन्हा काढावे लागत, आणि ज्या वॉर्डात चुकली तिथेच तिला टाकलं होतं. ती श्वास धरत नसे. कोमट पाणी, मऊ फडकं, घाई नाही. सोललेल्या कातडीवर काय लावलं तर पिशवी चिकटते, हे ती रोज नवं काहीतरी करून बघायची आणि वहीत लिहायची. दुधाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन, कापून, कमलच्या पट्ट्यात बसवायची युक्ती तिचीच. तिच्या बोटांनी मला कधी दुखवलं नाही. ती माझ्याशी फारसं बोलत नसे. मी समजलो, बुजरी आहे.

सहा महिन्यांनी ती पास झाली; खालची जखम भरेना म्हणून मी तेव्हाही वॉर्डातच होतो. वडील तिला न्यायला आले होते, वॉर्डात येऊन मला "जयभीम साहेब" म्हणाले. "पोरगी म्हणली, तुमची सेवा लय केली." मी त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मग तिची धुळ्याकडे कुठेतरी नेमणूक झाली आणि मी मुंबईला किरणांचा शेक घ्यायला गेलो.

वर्ग

मी जगलो. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कचेरीत परत गेलो, उंच स्टुलाऐवजी खुर्ची मिळाली.

ट्यूटरबाईंनी मला बोलावणं पाठवलं ते वर्षभराने. असे पेशंट वाढत होते आणि मुलींना शिकवायला पुस्तकातल्या एका चित्राशिवाय काही नव्हतं. मी जावं, पोट दाखवावं, निगा कशी राखतो ते सांगावं. पहिल्यांदा वीस मुलींपुढे शर्ट वर करताना कानशिलं तापली. एक मुलगी बाहेर पळाली. तिच्या मागे मीही पळणार होतो. पण दर वर्षी दर नव्या तुकडीला मी जात राहिलो. पेशंटशी खोटं बोलू नका, निदान त्याला काय सांगितलं गेलंय ते आधी विचारा, नाक मुरडलेलं त्याला दिसतं, असं सगळं मी त्यांना सांगायचो. लोक मला मानायला लागले. मुली पाया पडायच्या.

आणि दर वर्षी मी ती गोष्ट सांगायचो. एका मुलीने परीक्षेत स्पंज करता करता सर्जनची खूणच कशी पुसून टाकली, आणि मूळव्याध लिहून कशी मोकळी झाली. नाव घेत नसे. मुली खो खो हसायच्या. वर्ग मोकळा व्हायचा. मीही हसायचो.

ऑपरेशननंतरच्या नवव्या वर्षी गेलो तेव्हा जुन्या ट्यूटरबाई निवृत्त झाल्या होत्या. नव्या बाई दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, चष्मा, कानावर एकदोन पांढरे केस. "या काका," ती म्हणाली. मी तिला आवाजावरून ओळखलं.

सुमन शेवटच्या बाकाशी जाऊन उभी राहिली. मी बोलायला लागलो. माझं भाषण मला पाठ होतं, त्यामुळे तोंड आपोआप चाललं, आणि मी त्या गोष्टीपाशी येऊन पोचलो. सुरुवातही केली. "एक मुलगी होती..." पुढच्या बाकावरच्या मुली आधीच हसू दाबत होत्या. जुन्या मुलींनी त्यांना सांगून ठेवलं असणार.

मी थांबलो. मग म्हणालो, "तिने मला विचारलं होतं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. खूण मी पुसायला लावली. मला माहीत होतं ती कशाची आहे. परीक्षकांनी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी पंख्याकडे पाहिलं. तिचे सहा महिने गेले. आणि मी दर वर्षी तुमच्यासारख्या मुलींना हसवत आलो."

एका मुलीने विचारलं, "मग त्या तुमच्यावर रागावल्या असतील ना, सर?"

"ड्रेसिंगला रोज तीच यायची," मी म्हणालो. "तिचा हात इतका हलका होता. मला कधी जाणवलं नाही."

सुमन मधल्या वाटेने पुढे आली. साबण, पाणी, स्वच्छ फडकी असलेला ट्रे तिने माझ्या शेजारी ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं, यावेळी पाहिलं.

"होता ना राग," ती म्हणाली. शहरात इतकी वर्षं काढून सुधारलेली तिची भाषा तेवढ्यापुरती सुटली. "लय होता. अजून थोडा हाय."

मग तिने बाह्या वर सारल्या, हात धुतले आणि मुलींना जवळ बोलावलं.

"शर्ट वर घ्या, काका."